जुन्या पोर्ट्रेट लेन्सची तुलना : शार्पनेस तपासताना

हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२), ज्युपिटर-९ (८५ मिमी, एफ/२) आणि निकॉर १०५ मिमी एफ/२.५, या तीन लेन्स २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम मिररलेसवर ॲडाप्टर लावून तपासल्या. निम्मी मेहनत लेन्स सोडून इतर गोष्टी निकालात मिसळू नयेत यासाठीच लागते.

आधी टॉर्च. मागच्या काचेतून उजेड सोडायचा आणि पुढून तिरकं बघायचं. पुण्याचे दोन-तीन पावसाळे बंद कपाटात काढलेल्या लेन्समध्ये बुरशीचे धागे सापडले तर नवल नाही, पण खरा फसवा असतो तो आतल्या काचेवरचा पातळ धुरकट थर. बुरशीचा एखादा ठिपका फोटोत उतरत नाही. हा थर कॉन्ट्रास्ट खातो आणि दोष मात्र लेन्सच्या डिझाइनला लागतो. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी लेन्स बघायला जाताना टॉर्च खिशात हवाच.

हेलिओस आणि ज्युपिटरचं एम४२ (स्क्रूने बसणारं) माउंट ते फिल्म हे अंतर ४५.४६ मिमी, कॅमेऱ्याच्या, म्हणजे सोनीच्या ई माउंटचं १८ मिमी. म्हणून ॲडाप्टर २७.४६ मिमीचा. तो थोडा पातळ निघाला तर इन्फिनिटीची (अगदी लांबच्या फोकसची) खूण पुढे-मागे होते, पोर्ट्रेटला त्याने काही अडत नाही. अडतं ते ढिल्या बसणाऱ्या ॲडाप्टरने, कारण लेन्स कलते आणि फ्रेमची एकच बाजू मऊ येते. आतून चकचकीत असेल तर काळा वेलवेट पेपर चिकटवावा. अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानांत विचारावं.

टार्गेट म्हणजे छोट्या जाहिरातींची वर्तमानपत्राची पानं, सपाट बोर्डवर ताणून. कॅमेरा बोर्डला समांतर आहे का, हे बोर्डच्या मध्यावर आरसा टेकवून कळतं: लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यात दिसलं पाहिजे. ट्रायपॉड तळमजल्यावर, फरशीवर. वाड्याच्या माडीवरच्या लाकडी जमिनीवर कुणी चाललं तरी चित्र हलतं. आयएसओ १००, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद.

फ्रेम सारखी ठेवायची तर अंतर बदलावं लागतं: ८५ ला २ मीटर, तर ५८ ला साधारण १.३५ आणि १०५ ला २.५ मीटर.

सगळ्यात जास्त घोळ फोकसचा. हेलिओस आणि ज्युपिटर दोन्ही प्रीसेट लेन्स. पूर्ण उघडून फोकस करायचा आणि रिंग फिरवून ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) बंद करायचं, हा मोह होतोच. पण स्फेरिकल ॲबरेशनमुळे (काचेच्या मध्यातून आणि कडेतून येणारे किरण एकाच जागी न जुळल्यामुळे) ॲपर्चर बंद करताना फोकसची जागा सरकते, सोनार (झाइसचं जुनं लेन्स डिझाइन) घराण्यातल्या ज्युपिटरमध्ये तर चांगलीच. त्यामुळे एफ/२.८ चा फोटो विनाकारण मऊ दिसतो. प्रत्येक ॲपर्चरला, त्याच ॲपर्चरवर, मॅग्निफायर (स्क्रीनवर चित्र मोठं करून दाखवणारी सोय) लावून नव्याने फोकस करावा, तीन-चार फोटो घ्यावेत आणि त्यातला सर्वोत्तम धरावा. पीकिंगच्या, म्हणजे फोकस दाखवायला कॅमेरा रंगवतो त्या, कडांवर विसंबू नये. त्या फोकसच्या बऱ्याच अलीकडे-पलीकडेही चमकतात.

रॉ उघडताना शार्पनिंग शून्यावर आणि एक्स्पोजर सारखं केलं. ज्युपिटर एफ/२ ला पांढुरकी दिसते, पण कॉन्ट्रास्ट वाढवला की खालची बारीक अक्षरं वाचता येतात. तपशील असतो, त्यावर पडदा असतो. हेलिओसचा मध्य एफ/२ लाच बरा, कडा मात्र विरघळलेल्या. निकॉर पूर्ण उघडीच कडक. एफ/५.६ ला मध्यभागी तिघींत निवड करणं कठीण, आणि एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) तिन्ही मऊ होऊ लागतात. माझ्या मते पोर्ट्रेटसाठी कोपरे तपासणं वेळेचा अपव्यय आहे.

तपासायची ती डोळ्याची जागा, म्हणजे फ्रेमचा वरचा एक-तृतीयांश. मध्यावर फोकस करून फ्रेम हलवली तर फील्ड (फोकसचा पडदा) सपाट नसून वक्र असल्याने डोळा फोकसमधून सुटतो, म्हणून मॅग्निफायरची चौकटच तिथे न्यावी. ८५ मिमी, एफ/२, २ मीटर: रूढ हिशेबाने डेप्थ (फोकसमध्ये राहणारी खोली) जेमतेम साडेसहा सेंटीमीटर, आणि शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर त्याच्या निम्मीही नाही. बसलेला माणूस श्वास घेतानाही तेवढा हलतो. त्यामुळे माणसावर चाचणी करताना त्याला पाठ टेकवून बसवावं आणि बर्स्ट (सलग फोटोंची माळ) मारावा.