आमची वाटचाल: भाड्याची सायकल आणि भरतपूरचं पाणी

आमच्या सहलीत वेळा दोनच ठरलेल्या. सकाळी फाटक उघडताना सगळ्यांनी तिथे हजर असायचं आणि संध्याकाळी बंद व्हायच्या आत बाहेर पडायचं. मधला दिवस ज्याचा त्याचा. राजस्थानात भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे आम्ही महाराष्ट्रातून माणसं नेतो. प्रत्येकाला भाड्याची सायकल मिळवून देतो, हातात नकाशा देतो आणि मोकळं सोडतो. एवढ्यावर धंदा चालतो का, असं नात्यातल्या मंडळींनी पुष्कळदा विचारलं. चालतो.

दादानं आणि मी सुरुवात केली ती व्याघ्रप्रकल्पांच्या सहलींनी. त्या कामानं आम्हाला उभं केलं, हिशेब शिकवला. पण आम्ही दोघंही मूळचे पक्षी बघणारे. पक्षी बघायचे तर थांबावं लागतं, आणि सफारीच्या जिप्सी गाडीत कुठे नि किती थांबायचं हे सहा जणांच्या कलानं ठरतं. एकाला खंड्या सूर मारेपर्यंत बघायचा असतो, बाकीच्यांना पुढे जायचं असतं. दोघांचंही बरोबरच असतं. यावर उपाय म्हणून आम्ही भरतपूरकडे वळलो.

केवलादेव अवघं २९ चौरस किलोमीटरचं. जमीन सपाट, मुख्य रस्ता डांबरी, त्याला फुटणारे बांध थेट पाण्यामधून जाणारे. आतल्या भागात मोटारींना मज्जाव आहे. चालत जा, रिक्षानं जा किंवा सायकल घ्या. सायकलला आवाज नाही, आणि रस्त्याकडेच्या पक्ष्यांना ती सवयीची झालेली आहे. पंख वाळवत बसलेला तिरंदाज पक्षी अगदी जवळून जाऊ देतो. पाय टेकवून दुर्बीण उचललीत की मात्र त्याची मान वळते. म्हणून जरा अलीकडेच थांबा, हे आम्ही पहिल्या सकाळी सांगतो.

पहिल्या सकाळचं काम तेवढंच, पण ते आम्ही मनापासून करतो. सीटची उंची, दोन्ही ब्रेक, घंटी, कुलूप. भाड्याच्या सायकली वजनदार आणि बिनगिअरच्या असतात, तिथल्या सपाट रस्त्याला त्या पुरतात. दुर्बीण गळ्यात लोंबत ठेवली तर पेडल मारताना छातीवर आपटते, म्हणून पट्टा आडवा घ्यायचा. खाऊ पुढच्या टोपलीत ठेवून निघून जायचं नाही, माकडं टपलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं दाट उतरतं की समोरची सायकल दिसत नाही. तेव्हा हातमोजे हवेतच आणि घंटी वाजवायला लाजायचं नाही. "सायकल चालवून तीस वर्षं झाली गं," असं म्हणणाऱ्या बायका आमच्याकडे खूप येतात. त्यांना आदल्या संध्याकाळी मोकळ्या जागेत सराव देतो. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच कुणीतरी सर्वांत लांबच्या बांधावर पोचलेल्या असतात, आणि मला या व्यवसायात याहून मोठं समाधान ठाऊक नाही.

ज्यांना सायकल झेपत नाही त्यांच्यासाठी सायकलरिक्षा. इथले रिक्षावाले पक्ष्यांचे खरे जाणकार आहेत. ढोलीतलं घुबड, उन्हाला आलेला अजगर, सारसाची जोडी, कुठे काय असेल ते त्यांना नेमकं माहीत असतं. एक दिवस त्यांच्याबरोबर आणि एक दिवस एकट्यानं सायकलवर, अशी जोडी मी स्वतः सुचवते.

आमच्या मालकीची एकही सायकल नाही, आणि ती असू नये असं आम्ही ठरवलं आहे. १९८२ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. त्यावरून संघर्ष पेटला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. हा इतिहास माहीत असताना बाहेरून येऊन भाड्याचा पैसाही आपणच घ्यायचा, हे आम्हाला पटत नाही. सायकली तिथल्याच माणसांच्या, दुरुस्तीही त्यांच्याकडेच. आमचा मोबदला नियोजनाचा.

खरी अडचण पाण्याची. हे पाणथळ माणसानं राखलेलं आहे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध झाला, आणि आजही पाणी सोडलं तरच घना, म्हणजे हे उद्यान, भरतं. पाऊस कमी झाला की बदकं पांगतात. अलीकडे गोवर्धन नाल्यातून आणि चंबळ नदीच्या योजनेतून पाणी येतं, तरी सगळी वर्षं सारखी नसतात. म्हणून नोंदणी केलेल्यांना आम्ही ऑक्टोबरात फोन करून त्या वर्षाचं पाणी कसं आहे ते सांगतो. कुणी पैसे परत मागितले तर देतो. कोरड्या वर्षी त्याची झळ बसते, पण तीच माणसं पुढल्या हिवाळ्यात आणखी दोघांना घेऊन येतात, हाही अनुभव आहे.

उद्यानातल्या केवलादेव मंदिराजवळ जुन्या शिकारींची नोंद असलेले दगड आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. कुणी हा आकडा वाचून लगेच सायकलवर बसतं, कुणी तिथेच तासभर रेंगाळतं. सगळ्यांना घोळक्यानं नेलं असतं तर पाच मिनिटांत माहिती सांगून आम्हीच त्यांना पुढे हाकललं असतं. सायबेरियन क्रौंच इथे शेवटचे दिसले ते २००१-०२ च्या हिवाळ्यात. त्याबद्दल मात्र मी रात्रीच्या जेवणानंतर सविस्तर बोलते, सगळे एकत्र असताना.

गेल्या काही हंगामांपासून आम्ही ऑगस्ट-सप्टेंबरची तुकडीही नेतो. तेव्हा बाभळी चित्रबलाक करकोच्यांच्या घरट्यांनी भरून जातात आणि पिलांचा कलकलाट दिवसभर चालतो. पट्टकादंब, तलवार बदकं या हिवाळी पाहुण्यांतलं कुणीच तेव्हा नसतं, उकाडाही भयंकर असतो. ही तुकडी लहानच ठेवतो. दुपारी खोलीवर परतायचं, चार वाजता पुन्हा सायकली काढायच्या.