वीतभर पाण्यात भरणारा पोहरा: माझा अनुभव

आड दक्षिण सोलापुरातल्या एका वस्तीवरचा. तोंड पाच फूट, खोली ३८ फूट. वरचे बारा फूट मुरमातले, तिथं दगडी बांधकाम. त्याखाली उघडा काळा पाषाण आणि जागोजागी पुढं आलेले कंगोरे. सप्टेंबरचा पाऊस बरा झाला तर दिवाळीला बारा-पंधरा फूट पाणी असतं. एप्रिलमध्ये ते गुडघ्यावर येतं, मेमध्ये वीत-दीड वीत. पाणबुडी मोटारीला अंगभर पाणी लागतं. वीतभर पाण्यात टाकली की गाळ ओढते आणि तापून जळते. झरा मात्र आटलेला नसतो, उपसलेलं पाणी तासा-दोन तासांत परत साठतं. म्हणून एवढ्या थोड्या पाण्यातून भरून येणारा पोहरा करून घेतला. तीनदा बदलला, मग जमला. मापं, चुका सगळं इथं देतो आहे.

आधी बाजारातल्या बादल्या टाकून पाहिल्या. प्लास्टिकची बादली सगळ्यात वाईट. अर्धा किलो वजन आणि रुंद बूड, त्यामुळे पाण्यावर ताटासारखी बसते. दोराला कितीही हिसके द्या, ती डुलते पण कलत नाही. शिवाय हिसक्यांनी कडी कानातून निसटते. जस्ती पत्र्याची बादली दोर सैल सोडला की कलते आणि भरते, पण आडवी पडायला तिला तिच्या तोंडाएवढं तरी पाणी लागतं. बाजारच्या बादलीचं तोंड २८ सेंमीच्या आसपास. वीतभर पाण्यात ती तळावर लोळते, काठानं गाळ खरवडते आणि वर येतो तो अर्धा गढूळ पोहरा.

ज्यांच्या आडात बाराही महिने तीन फुटांपेक्षा जास्त खोल पाणी असतं त्यांनी पुढचं सगळं न वाचलं तरी चालेल. त्यांनी बादलीच्या काठाला एका बाजूला ३०० ग्रॅमचा लोखंडी तुकडा रिबीट मारून बसवावा. जागा महत्त्वाची: दोन कानांच्या बरोबर मधोमध, म्हणजे कानांच्या रेषेशी काटकोनात. बादली कानांभोवती फिरते, त्यामुळे वजन कानाजवळ लावलं तर काहीच होत नाही. मधोमध लावलं की पाण्याला टेकताच ती त्या बाजूला झुकते. भरल्यावर किंचित तिरकी लटकते, पण पाणी सांडण्याइतकी नाही.

थोड्या पाण्याला मात्र आडवी होणारी बादली कामाची नाही. पोहरा उभाच खाली गेला पाहिजे आणि बुडातून भरला पाहिजे. म्हणजे बुडाला झडप. आणि मग वजनाचा हिशेब उलटा होतो: काठ हलका, बूड जड. पहिल्या पोहऱ्याला मी झडपही बसवली आणि काठाला वजनही लावलं. झडप उघडण्याआधीच तो कलला आणि अर्धाच भरून आला. दोन्ही युक्त्या एका भांड्यात नांदत नाहीत.

आकार ठरवताना सुरुवात ओढणाऱ्याच्या हातापासून केली. कप्पी एकच आणि खांबाला पक्की बांधलेली असेल तर ती ओढण्याची दिशा बदलते, वजन कमी करत नाही. उलट कोरड्या आसाचं घर्षण वर चढतं. घरातल्या बाईमाणसाला, म्हाताऱ्या माणसाला सलग पंधरा-वीस खेपा जमायच्या तर दोरावर दहा-साडेदहा किलोपेक्षा जास्त भार नको. त्यात पोहऱ्याचे अडीच आणि लटकत्या दोराचा एक किलो गेला. उरलं सात लिटर पाणी. दहा लिटरचा पोहरा केला तर खेपा कमी होतात हे खरं, पण दहाव्या खेपेला माणूस दोर कंबरेला टेकवून ओढायला लागतो, आणि तिथंच हात सुटतो.

सात लिटरसाठी व्यास २० सेंमी आणि उंची २४ सेंमी घेतली. बुडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी, काठोकाठ साडेसात लिटर, म्हणजे हिंदकळायला अर्धा लिटर जागा राहते. वर रुंद, खाली निमुळता असा बादलीचा नेहमीचा आकार मुद्दाम टाळला. बादल्या एकात एक रचून ठेवायला तो सोयीचा, आडात उतरवायला नाही. वरचा रुंद काठ पाषाणाच्या कंगोऱ्याखाली अडकतो. सरळ नळकांडं घासत का होईना, निघून येतं.

अंगाला २२ गेजचा जस्ती पत्रा, साधारण ०.७ मिलिमीटर जाड. तुकडा ६५ × २७ सेंमी कापला: घेर ६२.८, बाकीचं जोडाच्या दुमडीला. उंचीत दीड सेंमी काठात तार गुंडाळायला आणि उरलेलं खालच्या जोडाला. काठात ४ मिलिमीटरची तार घातलीच पाहिजे, नाहीतर चार दिवसांत काठ दबून तोंड लंबगोल होतं. बुडाला १६ गेजचा जाड पत्रा, २३ सेंमीची चकती. तिची कड चहूबाजूंनी दीड सेंमी वर वळवून अंगाच्या आत बसवली आणि पाच-पाच सेंमीवर १२ रिबिटी मारल्या.

इथं मिस्त्रींशी थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, वेल्डिंगचे चार टाके मारले की काम झालं. जस्ती पत्र्यावर वेल्डिंग केलं की जस्त जळतं. तो पांढरा धूर छातीला वाईट, आणि जळालेल्या जागी पत्रा उघडा पडतो, पहिला गंज तिथंच चढतो. पहिला पोहरा वेल्डिंगचाच होता. एका पावसाळ्यात टाक्यांभोवती तांबड्या कडा आल्या. मग दुसरा सल्ला आला डाख देण्याचा, म्हणजे सोल्डर वितळवून सांधण्याचा. बाजारात मिळणाऱ्या साध्या डाखात कथलाबरोबर शिसं असतं, पिण्याच्या भांड्याला ते चालत नाही. शेवटी दुमडीचा जोड ठोकून, आतून पाण्याच्या टाकीला चालणारं सिलिकॉन भरलं आणि पूर्ण दोन दिवस सुकू दिलं. घाई करून दुसऱ्याच दिवशी पाण्यात टाकला तर सिलिकॉन सालपटासारखं निघतं. खर्चाची तयारी असेल तर स्टीलचा पत्रा घेऊन आर्गॉनचं वेल्डिंग करावं, ही सगळी कटकट वाचते.

आता झडप. निम्मा वेळ हिच्यातच गेला.

पोहऱ्याचं वजन भरलं २.४ किलो. झडप बंदच राहिली असती तर तो पाण्यात साडेसात सेंमी बुडून तरंगत राहिला असता. म्हणजे झडप उघडायला साडेसात सेंमी पाण्याचा रेटा मिळतो, त्याहून जास्त नाही. एवढ्या रेट्यावर ४ सेंमीच्या भोकातून भरायला वीसेक सेकंद लागत होते. वर दोर धरून उभ्या असलेल्या माणसाला तो भरला की नाही ते कळत नाही, तो आधीच ओढतो. भोक ८ सेंमीचं केल्यावर चार-पाच सेकंदांत भरू लागला. त्याहून मोठं करायचा मोह टाळला, कारण भोक वाढलं की झडपेची बैठक वाढते आणि गळायच्या जागाही वाढतात.

झडपेसाठी आधी ट्रकची जुनी ट्यूब कापून लावली. नुसतं रबर पाण्याच्या वजनानं भोकात खाली फुगतं, कड सुरकुतते आणि तिथून धार लागते. मग ३ मिलिमीटर जाड रबराची १० सेंमीची चकती घेतली आणि तिच्या पाठीवर ७ सेंमीची पत्र्याची चकती दोन छोट्या रिबिटींनी बसवली. सगळं मिळून १०० ग्रॅमच्या आतबाहेर. पत्रा भोकापेक्षा लहान, रबर भोकापेक्षा मोठं, त्यामुळे मधला भाग ताठ राहतो आणि कड लवचीक. बिजागरी वेगळी केली नाही. रबराचीच एक जीभ बाहेर ठेवून ती पट्टीखाली दोन बोल्टांनी दाबली. बोल्ट जस्ती घ्यावेत. पितळी बोल्ट दिसायला छान, पण ओल्यात पितळेशेजारचं जस्त लवकर खाल्लं जातं.

बैठक सपाट ठेवू नये. भोकाची कड आतून ५ मिलिमीटर वर उचलून, गोलसर वळवून घेतली. रबर फक्त दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या कडेवर टेकतं. रुंद सपाट बैठकीवर वाळूचा एक कण बसला की पूर्ण झडप उचलली जाते. अरुंद कडेवरून कण घसरतो, आणि नाही घसरला तर रबरात रुततो. लिंबाचं पान मात्र कुठल्याच बैठकीला ऐकत नाही. आडाच्या तोंडावर जाळी टाकली तेव्हा तो त्रास गेला.

तिसरी चूक हास्यास्पद होती. झडप किती उघडावी याला अटकावच ठेवला नव्हता. भरताना ती सरळ उभी राहून पलीकडे अंगाला टेकली आणि तिथंच बसली. वर पोहरा आला तो रिकामा, खालून धो-धो पाणी गेलेलं. आता झडपेवर एक वाकवलेली पट्टी आहे, ती तिला ५०-६० अंशांच्या पुढं जाऊ देत नाही. ओढायला लागलं की झडप स्वतःच्या वजनानं पडते आणि वरचं पाणी तिला दाबून धरतं.

बुडाखाली ८ मिलिमीटर सळईचे ४ सेंमी उंच तीन पाय आहेत, भोक गाळापासून वर राहावं म्हणून. सुटे पाय कंगोऱ्यात अडकत, म्हणून खालून त्यांना एका गोल कड्यानं जोडलं. कड्याचं वजनही बुडालाच हवं होतं.

कडी ८ मिलिमीटर सळईची, मधोमध डोळा वळवलेला. डोळा नसेल तर दोर एका बाजूला सरकतो आणि पोहरा तिरका येतो. कान काठाच्या अगदी जवळ आणि आतल्या बाजूनं, ३ मिलिमीटर पट्टीचे, प्रत्येकी दोन रिबिटी. कान खाली घेतले तर भरलेल्या पोहऱ्याचा भार त्यांच्या वर जातो आणि वाटेत तो उलटतो. कानाशी एक छोटा खटका ठेवला आहे, त्यामुळे कडी पूर्ण आडवी पडत नाही. दोर तुटून पोहरा तळाला गेलाच तर उभ्या कडीत गळ पटकन अडकतो. आडवी पडलेली कडी गळाला सापडता सापडत नाही.

दोर १४ मिलिमीटरचा, १५ मीटर. १० मिलिमीटरचा भार पेलतो, पण तळहात कापतो. पूर्वी केकताडाच्या (घायपाताच्या) वाखाचं चऱ्हाट असायचं. हाताला त्याची पकड उत्तम, पण ओलं राहिलं की कुजतं आणि कुसळं पाण्यात पडतात. प्लास्टिकचा दोर कुजत नाही, मात्र सोलापूरच्या उन्हात त्याचा भुगा व्हायला लागतो. वापर झाला की सावलीत टांगायचा, आणि चुरचुरीत पांढरा भुगा हाताला लागला की बदलायचा. पीळ असलेला दोर ताण आला की उलगडतो आणि पोहरा गरगरत भिंतीला आपटतो. जनावराच्या दाव्याला असते तशी भवरकडी, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, दोर आणि कडी यांच्यामध्ये घातली की गरगर थांबते. दोराला दोन वेढे देऊन दोन निरगाठी, सुरगाठ कधीच नाही. वरचं टोक खांबाला बांधलेलं.

कप्पी सहा इंची. दोराच्या जाडीच्या निदान आठपट व्यास हवा, नाहीतर दोर आतून तुटत जातो. विकत घेताना चाक आणि बाजूची पट्टी यांच्यातली फट बघावी. ती दोराच्या जाडीपेक्षा कमी पाहिजे. माझ्या पहिल्या कप्पीत दोर चाकावरून उतरून फटीत पाचरीसारखा बसला, भरला पोहरा अधांतरी. सोडवायला दोन माणसं लागली.

आडात सोडण्याआधी चाचणी २०० लिटरच्या पिंपात केली. पिंपात २० सेंमी पाणी घेतलं आणि पोहरा सोडला. पाय ४ सेंमीचे, म्हणजे आत १६ सेंमी पाणी, पाच लिटर, असा हिशेब होता. प्रत्यक्षात साडेचार आले. फरक झडपेच्या वजनाचा: आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा दीडेक सेंमी खालीच थांबतं. गळती पाहायला भरलेला पोहरा एक मिनिट टांगून खाली पातेलं ठेवलं. नुसत्या ट्यूबच्या झडपेला ६०० मिलिलिटर, आताच्या झडपेला १५०. कोरडीठाक झडप करायचा हट्ट सोडून दिला. वर यायला पाऊण मिनिट लागतं, तेवढ्यात पेलाभर पाणी गेलं तर गेलं.

ओतायला पोहरा उलटा करावा लागत नाही. थारोळ्यात, म्हणजे वर आलेलं पाणी ओतायच्या जागेत, चार बोटं उंच लाकडी खुंटी ठोकली आहे. पोहरा तिच्यावर टेकवला की झडप उचलते आणि पाणी खालून जातं. चामड्याच्या मोटेतही हीच सोय होती. नाड्यानं (जाड दोरानं) मोट वर यायची आणि सोल (सोंडेला बांधलेला बारीक दोर) ओढलेली असल्यानं थारोळ्यावर सोंड आपोआप मोकळी व्हायची. खुंटीचा दुसरा फायदा म्हणजे पोहरा जमिनीवर ठेवायची वेळ येत नाही. शेणामातीत टेकलेला पोहरा आणि अंगणात लोळलेला दोर ही आडाचं पाणी नासायची नेहमीची वाट. काम झालं की दोन्ही आकड्याला.

नवा पोहरा पहिल्यांदा सोडला तेव्हा आडात टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकली. चांगल्या ताज्या पावडरीचं प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम. आडातलं पाणी मोजायला व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची उंची, दोन्ही मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ नं गुणायचं, लिटर मिळतात. दीड मीटर व्यासाच्या आडात वीतभर पाणी म्हणजे चारशे लिटरच्या आत. तिथं एक ग्रॅम पुरते, मूठभर टाकायची गरज नाही. पावडर पाण्यात कालवून, निवळी टाकायची आणि तासभर उपसायचं नाही. पोहरा त्या पाण्यात भिजत ठेवू नये, जस्त आणि रबर दोन्हींना ते झोंबतं.

रबर साधारण दर उन्हाळ्याआधी बदलावं लागतं, कडेला खळगा पडला की समजायचं. चकती आणि जिभेचा नमुना एका पत्र्यावर आखून भोकांसकट कापून ठेवला आहे. कठड्याजवळच्या खुंटीला तो आणि दोन जादा बोल्ट तारेनं अडकवलेले असतात.