कुणाच्याच खात्यावर नसलेली मेमरी

मेच्या अखेरीस मालीम जेटीवर एका ट्रॉलरच्या तांडेलांनी मला बोलावून घेतलं. "बाय, तुझी पेटी चार दिवस सरळ चालते आणि पाचव्या दिवशी लिहायची थांबते. बंद करून चालू केली की परत शहाणी. पण खोल समुद्रात असताना हे कोण करत बसणार?"

ही पेटी म्हणजे वेरण्याच्या आमच्या छोट्या कंपनीचं यंत्र. सोनारचे प्रतिध्वनी आणि जीपीएसची जागा ती सतत नोंदवून ठेवते. आत लिनक्स, चार कोरचा एआरएम प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम. सोनारला लिनक्सच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नेलशी, जोडणारा ड्रायव्हर मी लिहिलेला. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणजे माझ्या हातात ६१ दिवस होते.

पेटी ऑफिसात आणून लॉग उघडला. ओओएम किलरने, म्हणजे रॅम संपली की एखादा प्रोग्राम बंद पाडणाऱ्या कर्नेलच्या यंत्रणेने, नोंदणीचा प्रोग्राम मारला होता. त्याच ओळीत मारलेल्या प्रोग्रामची मेमरीही छापून आली होती: ३८ एमबी. खाली सगळ्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, यादी होती, तिची बेरीज नव्वद एमबीच्या आसपास. मग उरलेले चारशे गेले कुठे?

ओओएम किलर बळी निवडतो तो खातेवही पाहून. प्रोसेसची रॅममधली पेजेस (मेमरीचे ४ केबीचे तुकडे), स्वॅपमधली, म्हणजे डिस्कवर हलवलेली, पेजेस आणि कुठलं पेज कुठे आहे हे सांगणाऱ्या तिच्या पेज टेबलांनी घेतलेली जागा यांची बेरीज जिची जास्त, तिच्यावर साधारणपणे पाळी येते. जी मेमरी कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नाही, ती या निवडीत मोजलीच जात नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि माझा नोंदणीचा प्रोग्राम हा तो संन्यासी होता.

मग मी मेमइन्फो, म्हणजे रॅम कुठे किती गेली हे दाखवणारी कर्नेलची यादी, घेऊन कागदावर तिच्यातल्या ओळींची बेरीज मांडली: मेमफ्री, बफर्स, कॅश्ड, ॲनॉनपेजेस, स्लॅब, कर्नेलस्टॅक, पेजटेबल्स. हे करताना एक पथ्य पाळावं लागतं. मॅप्ड आणि शेममचा आकडा यात पुन्हा मिळवायचा नाही, कारण ती पेजेस आधीच दुसऱ्या ओळींत आलेली असतात. नव्याने चालू केलेल्या पेटीत बेरीज आणि मेमटोटल (एकूण रॅम) यांच्यात थोडी तफावत होती, तेवढी चालते. पण टेबलावर दोन दिवस चालवूनही ती तफावत तेवढीच राहिली. वाढतच नव्हती! समुद्रात चारशे एमबी गिळणारी पेटी टेबलावर आली की साधुसंत.

इथे मला मेमइन्फोबद्दलची एक गोष्ट पक्की कळली. ड्रायव्हरने स्लॅबमधून, म्हणजे कर्नेलच्या लहान तुकड्यांच्या साठ्यातून, मेमरी घेतली तर ती स्लॅबच्या ओळीत दिसते. पण अ‍ॅलॉक-पेजेसने थेट पेजेस उचलली, तर ती मेमफ्रीमधून वजा होतात आणि दुसऱ्या कुठल्याच ओळीत जमा होत नाहीत. केमेमलीक हे गळती शोधणारं साधनही अशा पेजेसवर नजर ठेवत नाही. माझा ड्रायव्हर नेमका असाच पेजेस घेत होता.

मदतीला आलं ते पेज-ओनर. कर्नेल त्या पर्यायासह बांधायचं आणि बूट करताना ते चालू करायचं, मग प्रत्येक पेज कुणी, कुठल्या वाटेने घेतलं याची नोंद राहते. त्यासाठी मेमरी जास्त लागते, म्हणून समुद्रावर पाठवायच्या पेटीत ते नको, पण टेबलावर त्याला तोड नाही.

तांडेल बोलता बोलता म्हणाले होते की इंजिन जोरात चाललं की सोनारची वायर थरथरते. टेबलावर ती स्क्रूने घट्ट आवळलेली होती. मी स्क्रू सैल केला, वायर हाताने ओढून परत लावली आणि पेज-ओनरची यादी काढली. माझ्या फंक्शनच्या नावावर आधी १६ बफर (सोनारचा डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा) होते, आता ३२. परत ओढली: ४८. प्रत्येक बफर १६ पेजेसचा, म्हणजे ६४ केबी. एका झटक्याला बरोबर १ एमबी. सिग्नल तुटला की ड्रायव्हर नवीन बफर घेत होता आणि जुने सोडायला विसरत होता. दिवसाला शंभर झटके धरले तरी चार दिवसांत चारशे एमबी. दुरुस्ती चार ओळींची निघाली.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ऑफिसातले आमचे ज्येष्ठ सर म्हणाले, "गळती बुजवलीस, छान. पण उद्या दुसरी गळती झाली तर ती कुठल्या आकड्यात दिसणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ड्रायव्हरने किती पेजेस धरली आहेत, हे सांगणारा एक काउंटर मी त्यात घातला. या काउंटरने मला गळतीपेक्षा जास्त दिवस झुलवलं.

पहिल्या रूपात तो साधा पूर्णांक होता. बफर घेतला की १६ मिळवा, सोडला की १६ वजा करा. रात्रभर चालवल्यावर सकाळी आकडा २८८, पेज-ओनर मात्र १६ बफर म्हणजे २५६ पेजेस सांगत होतं. 'मिळवा' ही आपल्याला एक क्रिया वाटते, प्रोसेसरसाठी त्या तीन असतात: वाचणं, मिळवणं, परत लिहिणं. समजा काउंटर २५६ वर आहे. एक कोर १६ मिळवण्यासाठी २५६ वाचतो. त्याच क्षणी दुसरा कोर १६ वजा करायला तोच २५६ वाचतो आणि २४० लिहून मोकळा होतो. मग पहिला २७२ लिहितो. वजाबाकी पुसली गेली. रात्रीत असं दोनदा झालं की ३२ चा फरक. काउंटर ॲटॉमिक केल्यावर, म्हणजे या तीन क्रिया मिळून एक अखंड क्रिया केल्यावर, हे बंद झालं.

तरीही आकडा अधूनमधून पुढे सरकायचा. सरांनी विचारलं, "ड्रायव्हर उतरवताना शून्य येतो का?" नव्हता येत. पेजेस मिळाली पण पुढे डीएमए मॅपिंग (यंत्राला त्या पेजेसवर थेट लिहू देणारी जोडणी) फसलं, तर त्या वाटेने मी पेजेस परत करत होते आणि काउंटर तसाच सोडत होते. आता पेजेस घेणं आणि मोजणं एकाच फंक्शनात, सोडणं आणि वजा करणंही एकाच फंक्शनात आहे. बाकी ड्रायव्हरने अ‍ॅलॉक-पेजेसला हात लावायचा नाही. शिवाय उतरवताना शून्य आला नाही तर लॉगमध्ये इशारा छापला जातो. ही युक्ती कर्नेलचीच आहे. प्रोसेस संपून तिची मेमरी मोकळी होताना कर्नेल तिचे आरएसएसचे, म्हणजे रॅममधल्या पेजेसचे, काउंटर तपासतं आणि शून्य नसेल तर 'बॅड आरएसएस-काउंटर स्टेट' असं छापतं. ही ओळ कुणाच्या लॉगमध्ये दिसली तर ती किरकोळ समजून सोडू नका, कुठेतरी पेजेस आणि हिशेब यांची ताटातूट झालेली असते.

कर्नेल स्वतः मात्र सगळीकडे ॲटॉमिक वापरत नाही. पेज फॉल्ट, म्हणजे प्रोग्रामला हवं असलेलं पेज अजून जोडलेलं नसण्याचे प्रसंग, सेकंदाला लाखोंनी होऊ शकतात आणि प्रत्येक कोर एकाच काउंटरसाठी झगडू लागला तर यंत्र मंदावतं. म्हणून लिनक्स ६.२ पासून आरएसएससाठी प्रत्येक कोरची वेगळी चिठ्ठी असते. चिठ्ठीवरचा आकडा ठराविक मर्यादेला पोचला की तो मुख्य वहीत चढतो. ही मर्यादा ३२ किंवा कोरच्या दुप्पट, यातली जी मोठी ती. माझ्या चार कोरांवर वही फार तर १२८ पेजेसनी, म्हणजे अर्ध्या एमबीने मागेपुढे असेल. पण ६४ कोरांच्या सर्व्हरवर तोच हिशेब ३२ एमबीपर्यंत जातो. नेमका आकडा हवा असेल तर त्या प्रोसेसची स्मॅप्स ही फाइल वाचावी, तिथे पेज टेबलं चालून मोजणी होते. ते संथ आहे, पण खरं आहे.

एका कोरवर घेतलेलं पेज दुसऱ्या कोरवर सुटलं तर त्या दुसऱ्याची चिठ्ठी ऋण होते, त्यात गैर काही नाही. बेरीजच ऋण आली तर मात्र गडबड. मेमरीच्या एकंदर आकड्यांत अशी ऋण बेरीज ० म्हणून दाखवली जाते, त्यामुळे चूक झाकली जाते. रूट (सर्वाधिकारी) होऊन स्टॅट-रिफ्रेश ही कर्नेलची फाइल वाचली तर या एकंदर आकड्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या वहीत चढतात आणि कुठला आकडा ऋण असेल तर कर्नेल तसं सांगतं. मोजमाप घेण्याआधी ते करायची मी सवय लावून घेतली आहे.

माझ्या ड्रायव्हरात कोरवार चिठ्ठ्या मी घातल्या नाहीत. इथे बफरची देवघेव सेकंदाला मोजकीच होते, ॲटॉमिकचा भार जाणवतही नाही आणि आकडा प्रत्येक क्षणी अचूक मिळतो.

१ ऑगस्टला ट्रॉलर निघाला. अकराव्या दिवशी तो मालीमला परतला, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन जेटीवर उभी होते. पेटी चालूच होती. लॉगमध्ये वायर सुटल्याच्या आठशेच्या वर नोंदी होत्या आणि प्रत्येकीपुढे ड्रायव्हरची पेजेस: २५६, २५६, २५६. मी ड्रायव्हर उतरवला. शून्य. तांडेल बर्फाची क्रेट उतरवत होते, त्यांना हाक मारून म्हटलं, "दादा, पेटी ठीक आहे, पण ती वायर आज बदलूनच जाते."