ठसका थांबला, पण शेंगदाणा आतच होता

हुरड्याच्या दिवसांत बीड जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात खोकणारी लेकरं रोजच येतात. दोन वर्षांचा हा मुलगाही त्यांतलाच वाटला. तीन दिवसांचा खोकला. ताप नाही, सर्दी नाही. गावात दम्याचं औषध सुरू झालं होतं, उतार नव्हता.

अंगातलं काढून छाती पाहिली. श्वास मिनिटाला 44. या वयात 40 पासून पुढे म्हणजे धाप. डावीकडे हवा नीट जात होती. उजवीकडे आवाज दबलेला, आणि श्वास सोडताना बारीक शिटी. दम्याची शिटी सहसा दोन्ही बाजूंना असते. एकाच बाजूला ऐकू आली की खाताना ठसका लागला होता का, हे खोदून विचारावंच लागतं.

आई नाही म्हणाली. आजीला आठवलं. "तीन दिसांखाली शेतात हुरडा अन् शेंगदाणे खाताना लागला व्हता की. निळं पडलं व्हतं लेकरू. मग आपोआप थांबला."

हे थांबणंच फसवं. दाणा श्वासनलिकेतून खाली फांदीत जाऊन बसला की खोकला शमतो, घरचे निर्धास्त होतात. उजवी फांदी डावीपेक्षा रुंद, आखूड आणि सरळ खाली उतरणारी: मोठ्या माणसात उजवीची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, डावीची पाच. लहान मुलांत दोन्हींच्या कोनात फारसा फरक नसतो, म्हणून डावीकडे अडकलेला दाणाही पाहायला मिळतो.

एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही. दिसतो तो परिणाम. श्वास घेताना नळी रुंदावते, दाण्याच्या कडेने हवा आत शिरते. सोडताना नळी आकसते आणि हवा कोंडते. उजवं फुप्फुस फुगून काळं दिसत होतं, हृदय डावीकडे सरकलेलं. "श्वास सोडून धर" असं दोन वर्षांच्या लेकराला सांगता येत नाही, म्हणून उजव्या कुशीवर निजवून दुसरा फोटो काढला. खालचं फुप्फुस दबायला हवं होतं, ते तसंच फुगलेलं राहिलं.

शेंगदाण्याचं तेल नळीचं अस्तर चिडवतं, ओलाव्याने दाणा फुगतो, मऊ पडून तुटतो. म्हणून उशीर नको. तोंडाने काही द्यायचं नाही, छाती थोपटायची नाही. दाणा सुटून मुख्य नळीत आला तर दोन्ही फुप्फुसं बंद. आईच्या मांडीवर बसलेलंच ठेवून 108 ने अंबाजोगाईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

गाडी येईपर्यंत आजी विचारत होती, पाठीत धपाटे घालायला हवे होते का? लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. आवाजच फुटत नसेल तर पाठीवर पाच फटके. तेवढ्याने दाणा निघाला नाही तर वर्षाच्या आतल्याला छातीवर पाच दाब, मोठ्याला बेंबीच्या वर पोटावर पाच. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. आणि चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे नकोत. अडीच-तीन वर्षांपर्यंत दाढा पुरत्या आलेल्या नसतात, पुढेही चावणं कच्चंच असतं. कूट चालतं.

अंबाजोगाईत भूल देऊन, तोंडातून ताठ दुर्बीण घालून दाणा काढला. दोन तुकडे झाले होते, वरची साल वेगळी. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे हवा सारखी जात होती.