लाल पेन जरा बाजूला ठेवा: अमेरिकेतला डेव्हलपमेंटल रायटिंगचा वर्ग

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेशाला टक्केवारीची अट नसते. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या इंग्रजीला शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं, रात्रपाळी करून आलेली आई आणि आपल्याकडून आईवडिलांसोबत आलेले तरुण असे सगळे एका वर्गात बसतात.

पूर्वी प्लेसमेंट परीक्षेत, म्हणजे कोणत्या वर्गात बसायचं ते ठरवणाऱ्या परीक्षेत, कमी गुण पडले की आधी एक-दोन सत्रं डेव्हलपमेंटल रायटिंग, म्हणजे कच्चं लेखन सुधारण्याचा पूर्वतयारीचा वर्ग, करावं लागे. फी पूर्ण, पदवीसाठी क्रेडिट शून्य. पास झालेली बरीच मुलंसुद्धा पुढच्या वर्गात नाव घालत नसत, तिथेच गळत. 2007 साली मेरिलँडमधल्या बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात पीटर ॲडम्स यांनी वेगळी वाट काढली. 20 जणांच्या नेहमीच्या वर्गात अशी 8 मुलं बसवायची आणि तास संपला की त्याच शिक्षकाने त्या 8 जणांचा आणखी एक तास घ्यायचा. शिक्षक तोच असणं फार महत्त्वाचं आहे. दोन वेगळे शिक्षक नेमले की जादा तास हमखास व्याकरणाच्या वर्कशीटवर जातो. रिकाम्या जागा बरोबर भरणारा मुलगा निबंधात पुन्हा तीच चूक करतो.

चुका तपासताना हे वाक्य घ्या: ‘माय मदर वर्क नाइट्स, शी इज टायर्ड, आय कुक.’ ‘वर्क’ला ‘स’ नाही आणि तीन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामांनी जोडली आहेत. हा निष्काळजीपणा नव्हे. कृष्णवर्णीयांच्या घरच्या इंग्रजीत तिथे ‘स’ नसला तरी चालतं, आणि स्वल्पविराम मुलाने बोलताना जिथे श्वास घेतला तिथे पडला आहे. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात लेखन शिकवणाऱ्या मीना शॉनेसी यांनी अशा सुमारे 4,000 उत्तरपत्रिका वाचून दाखवून दिलं की चुकांनाही नियम असतो. तो नियम सापडला की एकदम वीस चुका सुटतात. म्हणून वरचं वाक्य लिहिणाऱ्या मुलाला आधी विचारावं, ‘तू स्वयंपाक का करतोस?’ उत्तरात ‘बिकॉज’ आपोआप येतो आणि जोडणी तिथेच सुधारते.

पहिल्या खर्ड्यावर व्याकरणाची एकही खूण नको. आशयावर दोन शेरे आणि एक खरा प्रश्न, एवढंच. सगळा कागद लाल झाला की मूल पुढच्या वेळी चार शब्दांची, धोका नसलेली वाक्यं लिहितं. चुका कमी होतात, विचारही आटतो. हे नुकसान भरून काढायला अख्खं सत्र जातं.

दुसऱ्या खर्ड्यात चूक असलेल्या ओळीपुढे समासात फक्त एक खूण करायची. चूक कोणती, ते मुलानेच शोधायचं. ही लेखनाचे अमेरिकन प्राध्यापक रिचर्ड हॅसवेल यांची 1983 ची पद्धत. साध्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त मुलं स्वतः सुधारतात. ज्या उरतात, त्याच शिकवायच्या, एका वेळी दोन प्रकार. शोधताना निबंध शेवटच्या वाक्यापासून उलटा, मोठ्याने वाचायचा. सुलट वाचताना डोळा अर्थामागे पळतो आणि न लिहिलेला ‘स’सुद्धा वाचून टाकतो.

मराठी मुलांचं ‘अ’ आणि ‘द’ या इंग्रजी उपपदांपाशी अडतं, कारण आपल्या भाषेत त्यांच्या जोडीचं काही नाही. तिथे नियम पाठ करून घेण्यापेक्षा ‘कोणतं, ते वाचणाऱ्याला कळलंय का?’ हा प्रश्न प्रत्येक नामापाशी विचारायला लावावा. कळलं असेल तर बहुतेक वेळा ‘द’. मात्र ही चूक आधी शिकवायच्या दोन प्रकारांत धरू नये. ती सुटायला वर्षं लागतात, आणि तिच्यामुळे अर्थ क्वचितच बिघडतो.