तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉप असताना लॅब कशाला?

ॲडमिशनच्या दिवसांत हा प्रश्न ठरलेला. यंदा मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका वडिलांनी विचारला. "मॅडम, पोराला साठ हजाराचा लॅपटॉप घेऊन दिलाय. मग शेवटच्या वर्षाला ही वेगळी लॅब कशाला?" मागं रांग होती, अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं इथं लिहिते.

सांगलीत मी बारा वर्षं नेटवर्क लॅब सांभाळते. पहिली दोन वर्षं लॅपटॉप पुरतो, हे खरंच आहे. पुढचं मात्र एका मशीनमध्ये मावत नाही आणि बिघडवल्याशिवाय कळत नाही.

मी आधी एका कॉलेजात होते. तिथं प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी अख्ख्या इमारतीचं नेटवर्क बसलं. सर्व्हर बघितले, फायरवॉल बघितली. चार तास गेले. शेवटी सापडली ती एक केबल, जिची दोन्ही टोकं कुणीतरी एकाच स्विचमध्ये, म्हणजे मशीन एकमेकांना जोडणाऱ्या डब्यात, खोचली होती. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. समोर आलं तेव्हा ओळखलं नाही. पोरं बाहेर व्हरांड्यात ताटकळत उभी होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून आता ते मी मुद्दाम घडवते. वीस मशीन, एक स्विच. स्पॅनिंग ट्री, म्हणजे असा घोळ रोखणारी स्विचमधली सोय, बंद करते आणि एखाद्या मुलीच्या हातात केबल देते: एक टोक स्विचच्या तीन नंबरच्या पोर्टात, म्हणजे खाचेत, दुसरं नऊ नंबरात. कुणीतरी पिंग करतं, म्हणजे दुसऱ्या मशीनला "आहेस का?" असं विचारतं. बघता बघता स्विचवरचे सगळे हिरवे दिवे एकदमच लुकलुकायला लागतात, आणि पिंगला उत्तर येत नाही. वर्ग गप्प होतो.

ब्रॉडकास्ट फ्रेम, म्हणजे सगळ्या मशीनसाठीचा निरोप, आली की स्विच ती बाकीच्या सगळ्या पोर्टांतून पाठवतो. तिसऱ्यातून गेलेली नवव्यातून परत येते, स्विच ती नवीच समजून पुन्हा वाटतो. आयपी पॅकेटवर, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यावर, एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे नेटवर्क एकमेकांना जोडणारं यंत्र, तो एकनं कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. केबलमधून स्विचकडं येणाऱ्या इथरनेट फ्रेमवर असा आकडाच नाही, ती फिरतच राहते. रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये यावर स्पॅनिंग ट्रीचा तोडगा काढला. जोडणीत वेटोळं झालं की जादाचा रस्ता कुठला, हे स्विच आपसात ठरवतात आणि तो बंद ठेवतात.

हा प्रयोग चालू नेटवर्कवर केला तर ऑफिसातलं फी भरणं थांबेल. त्यामुळं आमच्या लॅबची एकही तार बाहेर जात नाही. इंटरनेटसुद्धा नाही, त्यावरून मुलं कुरकुरतात. सिम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारं लुटुपुटूचं नेटवर्क, मीही वापरते, पण तिथं काय बिघडणार हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं.

मुलाला सोडायला याल तेव्हा वर या, दाखवते. स्पॅनिंग ट्री चालू करून तीच केबल पुन्हा तीन आणि नऊ नंबरात लावू. नवव्याचा दिवा नारिंगी होतो आणि तसाच राहतो. बाकीच्या मशीनचं काम चालू असतं.