टोकन देण्याआधी घर एकदा ठोकून बघा

फ्लॅट घेताना लोक दिशा बघतात, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते बघतात, वास्तुशास्त्रवाल्यांनाही घेऊन जातात. बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून बघणारा मात्र क्वचितच भेटतो.

मी सिव्हिल इंजिनिअर. बरीच वर्षं साइटवर काढली आणि आता ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात घर घेणाऱ्यांसाठी घरं तपासून देते. फोन येतात त्यातले निम्मे तरी टोकन देऊन झाल्यावरचे असतात. "मॅडम, पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन आहे, जरा एकदा बघून घ्या ना." मी जाते, बघते, पण त्या वेळी माझ्या रिपोर्टची किंमत अर्धी झालेली असते. काही सापडलं तरी त्या माणसाच्या हातात भाव पाडायची किंवा मागे फिरायची ताकद उरलेली नसते. म्हणून तपासणी पैसे देण्याआधी करा. नवीन घर असेल तर ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी.

एक गैरसमज आधी दूर करते. "बँकेनं कर्ज मंजूर केलं, त्यांचा माणूस येऊन बघून गेला, म्हणजे घर चांगलंच असणार." बँकेचा व्हॅल्युअर येतो तो बँकेसाठी. कर्ज बुडालं तर हे घर विकून पैसे वसूल होतील का, एवढंच त्याला बघायचं असतं. तुमच्या मोरीचा नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, सांडपाणी वाहून नेणारा भाग) गळतो का, हे बघणं त्याचं कामच नाही.

कागदांचंही तसंच. ते वकिलाकडून बघून घ्या, पण भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याची, प्रत स्वतःच्या हातात घ्या. नुसता महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली होती आणि शेवटी पाडकामाचे आदेश निघाले ते लोक राहत असलेल्या घरांवर. बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेत विचारूनच खात्री होते.

आता घराकडे वळू. मी सुरुवात नेहमी पाण्यापासून करते. आपल्याकडच्या घरांचे बहुतेक आजार पाण्यातून सुरू होतात. काँक्रीटच्या आत लोखंडाच्या सळ्या असतात आणि त्यांच्यावर काँक्रीटचं आवरण असतं, स्लॅबला साधारण २० मिमी, कॉलमला ४०. गळतीचं पाणी वर्षानुवर्षं मुरत राहिलं की ते सळईपर्यंत पोहोचतं, सळई गंजते, गंजून फुगते आणि बाहेरचं आवरण ढकलून पाडते. छताचा पोपडा पडला म्हणून वरून प्लास्टर करून रंग मारला, तर आतला गंज तसाच चालू राहतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. डोंबिवली पूर्वेला, नव्वदच्या दशकातली चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. घर झकास दिसत होतं, नुकताच रंग दिला होता. मे महिन्यात नवा रंग असलेलं रिसेल घर दिसलं की मी जास्त वेळ थांबते. पावसाळ्यात आलेले सगळे डाग त्या रंगाखाली गेलेले असतात. बाथरूमला लागून बेडरूमची भिंत होती. खाली, स्कर्टिंगच्या वर वीतभर उंचीवर, रंगाला बारीक बारीक फुगे आले होते. एक फुगा नखानं उकलला तर आतून पांढरी भुकटी निघाली. लोणा. ओलीतले क्षार बाहेर आले की असंच होतं. ओलावा मोजायचं मीटर लावलं. समोरच्या कोरड्या भिंतीवरचा आकडा आणि इथला आकडा यांत मोठा फरक होता.

मग मी खालच्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली. हे सगळ्यांनी करायला हवं, याला पैसे लागत नाहीत. दार उघडलेल्या काकूंना म्हटलं, वरचं घर बघायला आलोय, तुमच्या बाथरूमचं छत बघू का? त्या म्हणाल्या, "बघ बाई, बघ. किती वर्षं सांगतेय त्यांना, ऐकतं कोण?" छतावर तपकिरी ओघळ होते, एका कोपऱ्यात प्लास्टर गळून दोन सळ्या उघड्या पडल्या होत्या, आणि पाइप स्लॅबमधून उतरतो तिथे थेंब लोंबत होता. एजंट तोपर्यंत वरच थांबला होता.

माझ्यासोबत आलेल्या नवरा-बायकोनं ते घर सोडलं नाही. जागा सोयीची होती आणि कॉलम-बीम धडधाकट होते. पण बोलणी नव्यानं सुरू झाली. मालकानं बाथरूमच्या लाद्या काढून नहाणी ट्रॅप बदलला, कोबा (लाद्यांखालचा पाणी अडवणारा थर) नव्यानं केला, खालच्या स्लॅबची दुरुस्ती करून दिली. लाद्या बसवण्याआधी ४८ तास पाणी साठवून ठेवलं आणि खाली काकूंकडे जाऊन छत कोरडं असल्याची खात्री केली. मगच करार झाला. अशी गळती घरातल्या घरात होत असेल तर खर्च त्या सभासदाचा आणि गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर सोसायटीचा, हा साधारण नियम. त्यामुळे पाणी नेमकं कुठून येतंय हे कळणं म्हणजे कोणाच्या खिशातून जाणार हेही कळणं.

नव्या घराचं वेगळं. तिथे गंज नसतो, घाई असते. ताबा देताना एका कागदावर सही घेतात, त्यात एक ओळ हमखास असते की घर तपासून पाहिलं, सर्व काही समाधानकारक आहे. चाव्या हातात येणार म्हणून घरचे सगळे पेढे घेऊन आलेले असतात, आणि सही होऊन जाते. कृपा करून त्या दिवशी सही करू नका. कायद्यानं भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा घ्यायला दोन महिने दिलेले आहेत. त्यातला एक दिवस तपासणीसाठी मागून घ्या, लेखी मागा.

त्या दिवशी मी काय करते? लाकडी दांडक्यानं प्रत्येक लादी ठोकत जाते. नीट बसलेली लादी भरीव वाजते, खाली सिमेंट न पोहोचलेली बद्द वाजते. पोकळ लादीवर खडूनं फुली मारून फोटो काढते. मोरीच्या आणि बाल्कनीच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे धावतं की कोपऱ्यात थांबतं ते बघते. डीबीमधल्या (विजेच्या मुख्य डब्यातल्या) आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबते, ते दाबल्यावर वीज तुटलीच पाहिजे. प्रत्येक प्लगला अर्थिंग आहे का ते टेस्टर लावून बघते. रिकाम्या डब्यासारखी तीन भोकं नुसती दिसायला असतात, असंही सापडतं. खिडक्यांना बाहेरून पाइपनं पाणी मारता आलं तर उत्तम, विशेषतः नैऋत्येच्या बाजूला, कारण कोकणपट्टीत पाऊस तिथूनच झोडपतो.

भिंतींच्या भेगांनी लोक फार घाबरतात. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे आडवी केसासारखी भेग येणं नेहमीचं आहे. तिथे प्लास्टरखाली जाळी नीट घातलेली नसते. ती दुरुस्त होते. कॉलमवर उभी भेग, बीमवर तिरकी भेग, किंवा महिन्या दोन महिन्यांत रुंद होत जाणारी कुठलीही भेग असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच दाखवा. तिथे माझंही मत अंतिम धरू नका.

कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, तीही मोजून घ्या. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. महाराष्ट्रातल्या बिल्डर-ग्राहकाच्या नमुना करारानुसार ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. फरक त्याहून जास्त असून जागा कमी भरली तर जादा घेतलेले पैसे व्याजासकट परत मागता येतात.

आणि ज्याबद्दल मला मनापासून तळमळ वाटते ती गोष्ट. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरच्या निदर्शनाला आणला तर त्यानं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. इतका मोठा हक्क आहे, आणि लोक पहिल्याच महिन्यात तो घालवून बसतात. चाव्या मिळाल्या की इंटिरिअरवाला येतो, बाथरूमच्या लाद्या फोडून नव्या घालतो, पाइप हलवतो. नमुना करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय असं काम केलं आणि त्यातून गळती झाली तर बिल्डरची जबाबदारी संपली. त्यामुळे आधी तपासणी, मग दोषांची यादी, मग त्याची दुरुस्ती, आणि त्यानंतरच तोडफोड.

आधीपासून जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. वार्षिक सभेत हा विषय आला की "आत्ताच कशाला, पुढच्या वर्षी बघू" असं म्हणणारे हात पटापट वर होतात. ऑडिटमध्ये काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फेनॉल्फ्थॅलिनचं द्रावण मारतात. निरोगी काँक्रीट गर्द गुलाबी होतं. जिथे रंग चढत नाही तिथे सळईचं गंजापासूनचं संरक्षण संपलेलं असतं. शक्य असेल तर सभासदांनी ही चाचणी समोर उभं राहून बघावी. एकदा तो बेरंग ठिपका आपल्याच कॉलमवर बघितला की "पुढच्या वर्षी" म्हणायला जीभ रेटत नाही.

रिसेल घर घेणाऱ्यांनी सोसायटीकडे शेवटचा ऑडिट रिपोर्ट मागावा. मोठी दुरुस्ती ठरलेली असेल तर तिची वर्गणी नव्या मालकाच्या गळ्यात येते.

माणूस कोण निवडायचा? आपल्याकडे घर तपासणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही, मीटर विकत घेऊन कोणीही उभा राहू शकतो. म्हणून त्याचं शिक्षण आणि साइटवरचा अनुभव विचारा. आधीच्या एखाद्या रिपोर्टचा नमुना मागा. त्यात खोलीवार फोटो हवेत, नुसत्या टिकमार्कांचा तक्ता नको. वॉटरप्रूफिंगचं कंत्राट घेणाऱ्याकडून तपासणी करून घेऊ नका, त्याला गळती सापडण्यातच फायदा आहे. एजंटनं सुचवलेला तर नकोच. आणि तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा, प्रश्न विचारा, लादी तुम्हीही ठोकून बघा.

रिपोर्ट हातात आला की बिल्डरला किंवा मालकाला तो फोनवर सांगू नका. फोटोंसकट ईमेल करा, नवीन घर असेल तर सोबत रजिस्टर्ड पोस्टानं पत्रही पाठवा, आणि पोच जपून ठेवा. ३० दिवस मोजायला सुरुवातीची तारीख लागते.